बाटली फिरवताना

औषधांच्या दुकानात, रांगेत तिसऱ्या नंबरावर उभी असताना, चार अनोळखी माणसांसमोर तिचं कौतुक झालं आणि तिच्या हातातली चिठ्ठी गळून पडली. ती उचलायला वाकली तेव्हा कान तापले होते, आणि वाकल्यावर पुन्हा सरळ होऊच नये, असंच जमिनीकडे पाहत राहावं असं क्षणभर वाटलं. कौतुक करणारी बाई तिच्या पुढेच उभी होती. प्रयोगशाळेतल्या पळीवाल्याची बायको. पळीवाला म्हणजे लांब दांड्याची पांढरी पळी घेऊन शहराबाहेरची डबकी, खड्डे, पाण्याच्या टाक्या धुंडाळणारा आणि डासांच्या अळ्या बरणीत भरून आणणारा माणूस. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. त्याच्या बायकोच्या हातात तापाच्या गोळ्यांची पाकिटं होती, आणि ती दुकानदाराला मोठ्या अभिमानाने सांगत होती, ‘या आमच्या ताई. डास मोजतात. यांच्या मोजणीत एक डास इकडचा तिकडे व्हायचा नाही.’ दुकानदार हसला. रांगेतल्या एकाने मान वळवून डास मोजणारी बाई कशी दिसते ते पाहून घेतलं. मग पळीवाल्याची बायको आवाज खाली आणून म्हणाली, आमचे हे नऊ दिवस दवाखान्यात होते, हिवताप डोक्यात गेला होता, आता बरे आहेत, फक्त शब्द सापडत नाहीत. पळी म्हणायचं तर दार म्हणतात. परवा मलाच शेजारीण म्हणाले. डावा हात थरथरतो. ‘पण फवारणी झाली नसती तर काय झालं असतं, विचार करवत नाही. तुमच्यामुळे निभावलं म्हणायचं.’ तिने मान हलवली. हसलीही. ते हसू ओठांवर तसंच राहिलं, दुकानाच्या बाहेर आली तरी, रस्ता ओलांडला तरी, आणि घराच्या जिन्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या राहूनच गेल्या आहेत.

प्रयोगशाळेत तिला मोजणीबाई म्हणत. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि गेली दहा-बारा वर्षं आदराने. बावीस वर्षं ती डासांच्या खोलीत काम करत होती. ती खोली उबदार आणि ओलसर, आंघोळ करून कुणी नुकतंच बाहेर गेलेल्या न्हाणीघरासारखी. भिंतींना लागून जाळीचे पिंजरे, आणि पिंजऱ्यांत शेपटाकडची बाजू वर उचलून बसलेले डास. हिवतापाचा डास तसा बसतो, डोकं खाली आणि पाठ वर, दंडवत घातल्यासारखा. नव्या माणसांना ती हे दाखवायची आणि म्हणायची, एवढा नम्र प्राणी दुसरा नाही, चावतो तोही वाकून. हा तिचा ठरलेला विनोद होता. नवीन माणसं हसत. गेलं वर्षभर तो तिच्या तोंडून बाहेर पडला नव्हता आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वर्षापूर्वी प्रमुखांनी एक काम काढलं होतं. फवारणीचं औषध डासांना अजून लागू पडतं का, हे तपासायच्या दोन रीती होत्या, आणि त्या एकच उत्तर देतात का हे पाहायचं होतं. पहिली रीत नळीची. नळीच्या आत औषध लावलेला कागद, त्यात पंचवीस डास तासभर ठेवायचे, मग स्वच्छ नळीत काढून साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि पुरा एक दिवस गेला की किती मेले ते मोजायचं. दुसरी रीत बाटलीची. काचेच्या बाटलीला आतून औषध माखायचं, त्यात पंचवीस डास सोडायचे आणि अर्ध्या तासाने मोजायचं, बस्स. बाटल्या माखण्याचं काम तिचं. औषध विरघळवलेलं थोडं पाणी बाटलीत टाकून — पाणी नव्हेच ते, नाकाला झोंबणारं, हातावर पडलं तर गार करून उडून जाणारं — झाकण लावून बाटली उभी, उलटी, आडवी करायची आणि मग टेबलावर तळहाताखाली लाटत राहायचं, आतला सगळा भाग सारखा माखून सुकेपर्यंत. लाटताना घाई चालत नाही. मध्येच थांबलं तर औषध एका बाजूला साकळतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारच्या संस्थांतून लोक ते पाहायला येत, तिच्या बोटांकडे बघत राहत, आणि तिला ते कळत असे, आवडत असे.

पहिल्या काही फेऱ्यांत नळ्यांमध्ये शंभरातले अठ्ठ्याण्णव डास मेले. बाटल्यांमध्ये त्र्याहत्तर. म्हणजे बाटलीतले सत्तावीस डास अर्ध्या तासानंतरही पायांवर उभे होते. तिने आकडे लिहिले, सही केली आणि बैठकीत ठेवले. बैठकीत प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवून कागद जवळ धरला आणि विचारलं, ‘बाटल्या कुणी माखल्या होत्या?’ मग लगेच स्वतःच म्हणाले, ‘नाही, म्हणजे माखताना कुठे राहून गेलं असेल, एवढंच.’ आणि पान उलटलं. समोर बसलेल्या नव्या संशोधिकेने तिच्या हातांकडे पाहिलं. मुद्दाम नाही; आपण ज्याच्याविषयी बोलतो तिकडे नजर जाते तशी गेली, आणि परतही आली. मोजणीबाईने हात टेबलाखाली घेतले. पुढची चर्चा कशावर झाली ते तिला आता आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की टेबलाखाली एका हाताने दुसऱ्या हाताला धरून ठेवलं होतं, जत्रेत चुकेल म्हणून मुलाला धरावं तसं.

लहानपणी, पाचवीत असेल, गणिताच्या पेपरात तिला एक गुण जास्त पडला होता. तिने उठून बाईंना सांगितलं होतं. बाईंनी तिला वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, हिच्याकडे बघा, याला म्हणतात सचोटी. घरी पोचायच्या आत ही गोष्ट आईपर्यंत पोचली होती. आईने धान्य निवडता निवडता हात थांबवून तिच्या पाठीवरून फिरवला, हाताचा कोंडा फ्रॉकला लागला तोही तिने दिवसभर झटकला नाही. पण खरी गोष्ट अशी होती की शेजारी बसणाऱ्या मुलीने तो जास्तीचा गुण आधी पाहिला होता. ती मुलगी सांगेल या धास्तीने ही उठली होती. शेजारच्या मुलीचं लक्ष नसतं तर ती उठली असती का? एवढ्या वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या दिवसापासून नाव सांभाळण्याचं काम मात्र मागे लागलं. पहिल्यांदा नाव माणसाला चिकटतं, मग माणूस नावाला. बैठकीतून बाहेर पडताना तिला पाचवीतला तो वर्ग आठवला नव्हता. तो आत्ता, जिन्याच्या चौथ्या पायरीवर, औषधांशिवाय उभी असताना आठवला.

बाटलीतले डास मोजताना बाटली हळूच फिरवायची असते. डास पायांवर उभा राहिला तर जिवंत. उभं राहता येत नसेल, काचेवरून घसरला, तर मेल्यात धरायचा. नियम एवढाच. आणि ‘हळूच’ म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. ते हातात असतं. बैठकीनंतरच्या फेरीत तिने बाटली जरा जास्त फिरवली. फार नाही. दाराची कडी लागत नसली की आपण आणखी एक झटका देतो, तेवढाच. उभे असलेले काही डास घसरले. घसरले म्हणून तिने ते मेल्यात धरले. शहाऐंशी. पुढच्या फेरीत पंच्याण्णव, मग सत्त्याण्णव. डोळ्यांनी जे पाहिलं तेच तिने लिहिलं; खोटा आकडा तिने एकही लिहिला नाही, आणि वर्षभर स्वतःला हेच सांगितलं. आकडा खोटा नव्हता. मनगट खोटं होतं. एकदा बाटली खाली ठेवल्यावर एक डास उठला, मागचे पाय सावरले आणि काचेवर चढू लागला, आणि तिने पेन उचलून त्याला मेलेल्यांत लिहिलं. प्रमुख म्हणाले, ‘बसला बरं का हात.’ तिला बरं वाटलं. हेच आता सगळ्यांत सहन होत नव्हतं. भीती वाटली असती, अपराधी वाटलं असतं तर निदान काही बोलता आलं असतं. तिला बरं वाटलं होतं, पाठीवर आईचा हात फिरावा तसं.

अहवालात लिहिलं गेलं की दोन्ही रीती एकमेकींशी जुळतात. दोन्ही वेगळं बोलतात का हेच तर पाहायचं होतं, आणि नेमकं तेच तिने पुसून टाकलं. बाटलीला आधी कळलं होतं. डास औषधाला पुरून उरायला शिकत होते. अर्ध्या तासात मरत नव्हते, दिवसभराने मरत होते, आज ना उद्या तेही मरायचे थांबणार होते. हिवतापाच्या वस्त्यांमधून तेच औषध आणखी दोनदा फवारलं गेलं. या वर्षी नळ्यांमधलेही डास जगू लागले, शंभरातले चाळीस जगले, आणि प्रयोगशाळेत सगळे म्हणाले की हे अचानकच झालं. अचानक हा शब्द नव्या संशोधिकेने फळ्यावर लिहिला होता. त्याच्यापुढे प्रश्नचिन्हही काढलं होतं. मोजणीबाई त्या फळ्यासमोरून रोज चार वेळा जात होती.

घरात शिरल्यावर सासूबाईंनी गोळ्या मागितल्या. तिने विसरले म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, डास बरोबर मोजते आणि गोळ्या विसरते, असं माणूस सरकारने जपून ठेवायला हवं. एरवी ती हसली असती. त्या दिवशी खुर्चीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं, दुकानातलं आधी, मग बाटलीतलं, उलट्या क्रमाने, आणि सांगताना उजवं मनगट डाव्या हाताने झाकून ठेवलं. नवरा शांतपणे ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता. बायकोला त्रास होतोय तर तो थांबवावा एवढंच त्याला सुचत होतं. तो म्हणाला, पळीवाल्याला नेमका कोणता डास चावला हे कोण सांगणार, डास काय ओळखपत्र घेऊन येतो? दिवसभर डबक्यांत हिंडणारा माणूस, कुठेही चावला असेल. आणि आता औषध बदलणारच आहेत. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, तुला काय पडलंय?’ खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, ‘मूठ झाकता येते रे. आतल्या घामाचं काय करायचं?’  नवऱ्याने चपला घातल्या आणि गोळ्या आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांच्या खोलीत गेली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये पाठ केलं होतं. ते सगळं तिने म्हटलं, न अडखळता, खिडकीतल्या कुंडीकडे बघत. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला.  मग ते म्हणाले, झालं ते चांगलं झालं नाही, पण नव्या फेरीतल्या नळ्यांनी शेवटी तेच सांगितलंय, औषध बदलायचं पत्र गेलंय, उकरून काढून आता काय हाताला लागणार. तिने विचारलं, मग त्या अहवालाचं काय? ते म्हणाले, चार ओळी लिहून द्या, मी जोडतो. आवाज खरोखर मायेचा होता. दाराशी जाऊन ती थांबली आणि म्हणाली, सर, त्या बैठकीत तुम्ही म्हणाला होतात की बाटल्या माखताना राहून गेलं असेल. प्रमुखांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, ते तिला दिसत होतं.

‘मी असं म्हणालो होतो?’ त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली आणि बाहेर आली. ज्या वाक्यासाठी तिने हे सगळं केलं ते वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. नव्या संशोधिकेला तरी तिचे हात पाहिल्याचं आठवत असेल का? नसेलच. म्हणजे जगात कुणीही तिच्या नावाला धक्का लावला नव्हता. ज्या धक्क्यापासून ती नाव वाचवत होती तो तिचा तिनेच उभा केला होता. तिने चार ओळी लिहिल्या. लिहिताना ‘माझ्याकडून’ या शब्दापाशी पेन थांबलं, आधी तिने ‘अनवधानाने’ लिहिलं, मग ते खोडून काढलं. कागद फाइलला लागला, फाइल कपाटात गेली, कपाटाचं दार ओढून घ्यावं लागे तसं शिपायाने ओढून घेतलं. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुपारी डासांच्या खोलीत ती एकटीच उभी राहिली, आणि पिंजऱ्याला हात लावला की आतले डास जाळीच्या त्या जागी गोळा होतात, कातडीची ऊब कळते त्यांना, तसे ते गोळा झाले. ती हात तसाच ठेवून राहिली, चावून घ्यावं म्हणून की काय, तिलाच कळलं नाही.

रविवारी सकाळी ती पळीवाल्याच्या वस्तीत गेली. याआधी ती तिथे एकदाच आली होती, अळ्या कुठून येतात ते पाहायला, तेव्हा पळीवाला पुढे चालत होता आणि प्रत्येक खड्ड्याशी थांबून, हा माझा पहिला खड्डा, हा दुसरा, अशी ओळख करून देत होता, जणू सगे-सोयरे. आता तो दाराजवळ खुर्चीत बसला होता, अंगावर स्वच्छ सदरा, डावा हात उजव्या हाताखाली दाबून. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. उठायला लागला, बायकोने खांद्यावर हात ठेवून बसवलं. ‘पाखरं बरी आहेत?’ त्याने विचारलं. बायको तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, डासांना पाखरं म्हणतात आता. तिने सांगितलं, बरी आहेत. भिंतीवर खिडकीच्या खालपर्यंत फवारणीचे पांढरे ओघळ होते. कुणी पुसायला जाऊ नये म्हणून शेजारी कोळशाने फुली मारलेली होती, ती बहुधा पळीवाल्यानेच मारली असावी, आजारी पडायच्या आधी. त्या ओघळांवर एक डास बसला होता, डोकं खाली, पाठ वर. तिने तो पाहिला आणि मग बोलायला सुरुवात केली.

या वेळी ती पाठ केलेलं काहीच बोलली नाही. बाटली कशी फिरवतात ते हाताने करून दाखवलं, आधी हळू, मग तिने फिरवली तशी. पळीवाला तिच्या मनगटाकडे टक लावून पाहत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्याने तोंड उघडलं. एक शब्द शोधत होता तो. कपाळावरची शीर उभी राहिली, ओठ एका अक्षरासाठी जुळले, सुटले, पुन्हा जुळले.    शब्द सापडला नाही. त्याने तोंड मिटलं आणि भिंतीकडे पाहू लागला. तो शब्द शिवी होता की क्षमा होती, की नुसतंच बाटली असं म्हणायचं होतं त्याला, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळावं असं मागायचा तिला हक्कही नव्हता.

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, ‘मी बेचाळीस घरं हिंडले होते, ताई. फवारणीच्या दोन्ही वेळा. लोक नको म्हणत होते. सामान बाहेर काढायचं, भिंती खराब होतात, वास डोक्यात जातो. मी एकेकाला म्हटलं, ताईंनी स्वतः मोजलंय, सगळे मरतात. तुमचं नाव सांगितलं की लोक दार उघडायचे.’

‘वहिनी, मी कार्यालयात लिहून दिलंय सगळं,’ ती म्हणाली.

‘कार्यालयात कोण राहतं?’

हे वहिनीने रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारावं तसं विचारलं, आणि उठली, नवऱ्याच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, चला. कुठे, हे मोजणीबाईने विचारलं नाही. गल्ली अरुंद होती, दोघींना शेजारी चालता येत नव्हतं, म्हणून ती मागून चालली, वहिनीच्या टाचांकडे बघत.  इथून वळून मोठ्या रस्त्याला लागता येईल, बस मिळेल, उद्या कामावर जाता येईल, असं एक मन सांगत होतं आणि पाय दुसऱ्याच मनाचं ऐकत होते.

पहिलं दार उघडंच होतं. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पायाला तेल चोळत. वहिनीने त्यांना नमस्कार केला, हिला पुढे केलं आणि स्वतः बाजूला झाली. ती म्हणाली, आजोबा, मी प्रयोगशाळेतली, औषधाचे डास मी मोजले होते, ते मी चुकीचे मोजले. हळू आवाजात म्हणाली, असल्या गोष्टी म्हणतात तशा. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला.

‘त्यांना ऐकू येत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘मोठ्याने बोला.’

ती पुन्हा म्हणाली. म्हाताऱ्याने विचारलं, काय मोजलं? तिने आवाज चढवला. डास. कुठले डास? तिने श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं की औषधाने डास मरत नव्हते, उभे राहत होते, मी ते मेले म्हणून लिहिले, मी मुद्दाम लिहिले. समोरच्या घराची खिडकी उघडली. वर गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा दातांत धरून कठड्याशी आली. गल्लीच्या तोंडाशी दोघं बोलत होते ते गप्प झाले. तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला, आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती, भांडणातही नाही, आणि आपला स्वतःचा आवाज तिला कुणा भाजी विकणाऱ्या बाईचा वाटला.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सावकाश उजेड पडला. ‘म्हणजे औषध लागत नव्हतं?’

‘नव्हतं लागत.’

‘मी तेच सांगत होतो,’ म्हातारा म्हणाला, तिला नाही, वहिनीला. ‘फवारलेल्या भिंतीवर बसायचे, डोळ्यांनी बघत होतो. माझं कोण ऐकतंय.’ आणि तो पुन्हा तेल चोळायला लागला.   त्याचं काम झालं होतं.

वहिनी पुढे गेली आणि दुसरं दार वाजवलं. आतून पावलं आली, कडी निघाली. दारात एक तरुण बाई उभी राहिली, हात पिठाचे, चांगले कान असलेली, वहिनीकडे आणि हिच्याकडे आळीपाळीने बघत. तिच्याशी हळू बोललं तरी चाललं असतं. मोजणीबाई तेवढ्याच मोठ्याने बोलली.